आतून तपासण्याआधी तिला विचारलंत का? या चुका टाळा

बाईची योनीमार्गातून आतली तपासणी करताना सगळ्यात मोठा घोळ केसपेपरवरच्या सहीपाशी होतो. दाखल करतानाच नवऱ्याची किंवा सासूची सही घेतली की पुढची प्रत्येक तपासणी त्यातच आली, असं अनेक ठिकाणी धरून चालतात. पण शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची संमती तिची तिनेच द्यायची असते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात ४४ वर्षांच्या रुग्णाला दुर्बिणीने तपासण्यासाठी भूल दिली होती. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईला विचारलं आणि गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकले. जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. न्यायालयाने आईची परवानगी मानली नाही, आणि तपासणीच्या संमतीत शस्त्रक्रियेची संमती येत नाही, हेही सांगितलं.

दुसरी चूक घाईची. 'पाय वर घ्या' म्हणणं म्हणजे विचारणं नव्हे. काय तपासणार, कशासाठी, दुखेल का, आणि नको असेल तर दुसरा मार्ग कोणता, हे कपडे काढायला सांगण्याआधी बोला. तिने मध्येच 'थांबा' म्हटलं तर हात तिथेच थांबला पाहिजे. विद्यार्थ्यांनाही तपासू द्यायचं असेल तर ते वेगळं विचारा, आणि भूल देण्याआधी विचारा.

डॉक्टर पुरुष असतील तर तपासताना दुसरी स्त्री हजर असणं हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेनुसार रुग्णाचा हक्क आहे. सिस्टर नाहीत म्हणून पडदा ओढून एकट्याने उरकू नका. मुलगी अठराच्या आतली असेल आणि पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) प्रकरण असेल, तर त्याच्या कलम २७ प्रमाणे तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची, मुलीचे पालक किंवा तिच्या विश्वासातलं माणूस समोर ठेवून.

बलात्काराच्या तक्रारीत पोलिसांचं पत्र आलं म्हणून संमतीची गरज संपत नाही. फौजदारी कामकाजाचे नियम सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ नुसार ती घेतल्याची नोंद अहवालात लागते. तिने तपासणी नाकारली तरी उपचार नाकारता येत नाहीत. आणि योनीत बोटं घालून केली जाणारी 'दोन बोटांची चाचणी' कुणी अजूनही करत असेल तर ते गैरवर्तन ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं आहे. इतकी अपमानास्पद चाचणी इतकी वर्षं चालली, याची चीड यायलाच हवी.

तुम्ही स्वतः रुग्ण असाल आणि तुमच्याबाबतीत न विचारता असं काही झालं असेल, तर तारीख, वेळ आणि खोलीत कोण होतं ते त्याच दिवशी लिहून काढा. मग तपासणीची आणि उपचारांची कागदपत्रं लेखी मागा. डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असतात. डॉक्टरांविरुद्धची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते.