विणकाम शिकताय? या चुका टाळा, बाकीच्या होऊ द्या

दिवाळी सरते, नागपुरात पहाटे पंखा बंद करावासा वाटतो आणि बर्डीवर, इतवारीत लोकरीचे गुंडे दुकानाच्या दर्शनी भागात येतात. दर वर्षी कितीतरी जणी, आणि आता काही मुलगेही, याच दिवसांत पहिल्यांदा सुया हातात घेतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं काम पंधरा दिवसांत पिशवीत जाऊन पडतं. मला त्याचं कारण नेहमी एकच दिसलं आहे: चूक दिसली की सगळं उसवायचं, पुन्हा टाके घालायचे, पुन्हा उसवायचं. असं दोनचारदा झालं की मन उडतंच.

म्हणून आधी हे सांगते. उसवण्याआधी चूक नीट बघा. टाका सुईवर कसा बसतो हे एकदा डोळ्याला कळलं, की बहुतेक चुका न उसवता दुरुस्त होतात, आणि काहींना हात लावायचीही गरज नसते.

सुरुवातच अवघड लोकरीने करू नका

काळी किंवा गडद निळी लोकर पहिल्यांदा घेऊच नका. रात्री ट्यूबलाइटखाली त्यातले टाके अनुभवी माणसालाही धड दिसत नाहीत. केसाळ लोकरही नको, कारण ती उसवता येत नाही, गुंतते. फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर घ्या आणि ८ नंबरच्या सुया. बाळाच्या स्वेटरची बारीक लोकर आणि १२ नंबरच्या सुया नंतर कधीतरी.

नंबराचा एक घोळ फार जणांना नडतो. आपल्याकडच्या दुकानांत जुनी ब्रिटिश मापं चालतात. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. अमेरिकन मापात उलटं असतं, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. व्हिडिओ बघून सुया घेत असाल तर नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

लोकर लागेल तेवढी एकदमच घ्या आणि वेष्टनावरचा लॉट नंबर जुळवून घ्या. महिन्याभराने आणलेला 'तोच' रंग शेजारी ठेवला की वेगळा दिसतो.

घट्ट विणणं

नवा हात भीतीने लोकर ओढतो. टाका सुटेल म्हणून प्रत्येक टाक्यानंतर एक हिसका, आणि पुढच्या ओळीत सुई आतच शिरत नाही. आमच्या शेजारच्या काकू शिकवताना एवढंच म्हणतात, "अवं, खेचू नको, लोकर कुठं पळून नाही जात!" सुरुवातीचे टाके घालताना एक आकार जाड सुई वापरा, म्हणजे खालची कड आवळत नाही. उन्हाळ्यात शिकायला घेतलं तर हाताला घाम येतो, लोकर बोटांना चिकटते आणि वीण आणखी घट्ट होते. नागपूरच्या मे महिन्यात कूलरपुढे बसूनही हे जाणवतं. कोजागिरीच्या आसपास सुरुवात करणं मला सगळ्यात बरं वाटतं.

वीस टाक्यांचे तेवीस झाले?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मफलर पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जातो आणि कुठे चुकलं ते सापडत नाही.

ओळ संपवून सुई फिरवली की पहिल्या टाक्याकडे बघा. लोकर सुईवरून मागे टाकली असेल, तर तो टाका वर ओढला जातो आणि त्याचे दोन पाय, म्हणजे सुईच्या पुढचा आणि मागचा धागा, दोन टाक्यांसारखे दिसतात. तुम्ही दोन्ही विणता, एक टाका वाढतो. उपाय सोपा आहे: लोकर आधी खाली ओढून धरा आणि सुईच्या खालूनच मागे न्या. आता तिथे एकच टाका दिसेल.

वाढ मधेच झाली असेल आणि तिथे भोक दिसत असेल, तर सुलट टाक्यावरून (समोरून सपाट दिसणारा) उलट टाक्यावर (समोरून गाठीसारखा दिसणारा) जाताना लोकर दोन सुयांच्या मधून पुढे न घेता सुईवरून घेतली गेली आहे. सुलट-उलट टाक्यांची बॉर्डर विणताना हे हमखास होतं. मफलर असेल तर उसवू नका. पुढच्या ओळीत कडेला दोन टाके एकत्र विणा आणि पुढे चला. सुरुवातीला प्रत्येक ओळीनंतर टाके मोजायची सवय मात्र लावूनच घ्या.

टाका निसटला तर

हात थांबवा. काम ओढू नका, ताणू नका. सुटलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवली की तो आणखी खाली जात नाही. मग क्रोशाची सुई घ्या, सुलट बाजू समोर धरा. टाक्याच्या वर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतील. क्रोशा टाक्यात पुढून घाला, लगेच वरचा धागा पकडा, टाक्यातून पुढे ओढा. एकेक पायरी चढत वर या आणि टाका सुईवर ठेवा. ठेवताना त्याचा उजवा पाय सुईच्या पुढे हवा. डावा पाय पुढे आला तर टाका पिळलेला बसतो. तसा बसलाच तर पुढच्या वेळी मागच्या पायातून विणा, पीळ निघून जाईल.

हीच युक्ती चुकीच्या टाक्यालाही चालते. आठ ओळी खाली सुलटच्या जागी उलट पडला असेल तर फक्त तेवढाच टाका मुद्दाम खालपर्यंत सोडा आणि क्रोशाने नीट वर आणा. आठ ओळी उसवायचं कारण नाही.

अर्धी ओळ सोडून उठलात, तर परत बसताना गुंड्याकडची लोकर जिला जोडलेली आहे ती सुई उजव्या हातात घ्या. नाहीतर उलट्या दिशेने विणलं जातं.

जी चूकच नाही

एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणलेलं कापड कडांनी गुंडाळतं. त्या विणीचा तो स्वभावच आहे. चारही कडांना काही टाके आणि काही ओळी नुसत्या सुलट ठेवल्या की ते सपाट राहतं. इस्त्रीने सरळ करायला जाऊ नका. स्वस्तातली लोकर बहुधा ॲक्रिलिक असते, गरम इस्त्रीने ती कायमची लुळी पडते.

स्वेटरला हात घालण्याआधी

नमुन्याचा चौकोन विणा आणि १० सेंटिमीटरमध्ये टाके मोजा. पुस्तकात २२ आहेत आणि तुमचे २० भरतात, म्हणून दुर्लक्ष केलं, तर १०० सेंटिमीटर घेराचा स्वेटर ११० चा होतो. टाके कमी भरले तर बारीक सुई घ्या, जास्त भरले तर जाड.

खरं तर पहिल्या वर्षी स्वेटर नकोच. नागपूरची थंडी कडक असू शकते, २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण ती लांबत नाही. नवख्या हाताचा स्वेटर फेब्रुवारीत पूर्ण होतो आणि अंगावर चढायचा राहून जातो. कानटोपी किंवा मफलर घ्या. नक्षी घालायची असेल तर दर दहा-बारा ओळींनी शिवणाच्या सुईने वेगळ्या रंगाचा दोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे उसवावं लागलंच, तर वीण त्या दोऱ्यापाशी येऊन थांबते आणि टाके जसेच्या तसे सुईवर घेता येतात.