अग्निवीर की अधिकारी, जीडी की क्लार्क: फॉर्म भरण्याआधी घरी बसून करायचा हिशेब

सैन्यात जायचं म्हटलं की मुलाला सगळे एकच विचारतात, "सोळाशे किती मिनिटांत मारतोस?" आमच्या मते हा १६०० मीटर धावण्याचा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न वयाचा आणि बारावीच्या विषयांचा. दुसरा, अग्निवीराची चार वर्षांची नोकरी संपल्यावर पाचव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तुमच्या हातात काय असेल, हा. या दोन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून काढलीत, की जीडी (जनरल ड्युटी, म्हणजे साधा सैनिक), टेक्निकल, क्लार्क की सरळ एनडीए (बारावीनंतर अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हे बरंचसं तिथंच ठरतं. ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, नंतर.

वयापासून सुरुवात करतो, कारण गेलेलं वय परत मिळत नाही. एनडीएसाठी प्रशिक्षण सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान लागतं. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, आणि बारावीत शिकत असतानाच फॉर्म भरता येतो. म्हणजे वयात बसेपर्यंत साधारण तीन-चारच प्रयत्न हाती असतात. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल आणि वायुदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं. लेखीत गणिताला ३०० आणि सामान्य क्षमतेला ६०० गुण, पुढे एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखत-चाचण्यांना, ९००. एसएसबी पाच दिवस चालते आणि पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमध्ये मोठी गळती होते. आपली मुलं तिथं अडतात ती धावण्यात नव्हे. चित्र पाहून चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग ती अनोळखी मुलांसमोर उभं राहून सांगायची, इथं. ही सवय दहावीपासून लावावी लागते.

यासाठी राज्य सरकारची सोय आहे आणि ती गावागावांत पुरेशी माहीत नाही, याचं फार वाईट वाटतं. छत्रपती संभाजीनगरला सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था १९७७ पासून चालू आहे. दहावीनंतर मुलं तिथं राहून अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी करतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. एनडीएची परीक्षा मुलींना २०२१ पासून देता येते आणि मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याच्या एनडीएतून मे २०२५ मध्ये बाहेर पडली. पदवीनंतर सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा देणाऱ्यांसाठी नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तुमचा भाऊ किंवा बहीण आत्ता नववी-दहावीत असेल, तर हा परिच्छेद त्यांना आजच वाचायला द्या.

आता अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणारा सैनिक. जून २०२२ मध्ये योजना आली. साडेसतरा वर्षांपासून फॉर्म भरता येतो. वरची मर्यादा मूळ योजनेत २१ होती, पण ती त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत जन्मतारखेनिशी छापलेली असते, तीच धरा. भरतीवेळी अविवाहित असावं लागतं आणि चार वर्षांत लग्न करता येत नाही. पगार पहिल्या वर्षी महिना ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या ३६,५००, चौथ्या ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या निधीत, जातात. म्हणजे हातात २१,०००, २३,१००, २५,५५० आणि २८,००० येतात. सरकार तेवढीच रक्कम सेवानिधीत घालतं. चार वर्षांनी मूळ रक्कम १०.०४ लाख आणि वर व्याज मिळतं, आणि त्यावर आयकर नाही. सेवाकाळात ४८ लाखांचा जीवन विमा असतो आणि त्याचा हप्ता जवानाकडून घेत नाहीत. सुट्टी वर्षाला ३० दिवस.

मिलिटरी अपशिंगे किंवा सैनिक टाकळीसारख्या गावांत प्रत्येक आळीत एक पेन्शनर सुभेदार दिसतो आणि घरचे त्याच्याकडे बघून ठरवतात. ते चित्र जुन्या भरतीचं आहे. अग्निवीराला चार वर्षांनंतर पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम केलं जातं. म्हणून घरात हिशेब करताना "मी त्या पंचवीसमध्ये असेनच" असं धरू नका; उरलेल्या पंचाहत्तरमध्ये असलो तर काय, हे धरून करा. तसा करूनही जावंसं वाटत असेल, तर निश्चिंत मनाने जा. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी हातात दहा लाखांवर रक्कम, कमावलेलं शरीर आणि शिस्त असते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत खुल्या गटाला २८ पर्यंत वय चालतं, आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत अग्निवीरांसाठी १० टक्के जागा २०२२ मध्येच जाहीर झाल्या. पण पोलीस भरतीला बारावी लागते. त्यामुळे दहावीवर जीडीला पळण्याची घाई असली तरी बारावीचा फॉर्म सोडू नका. आणखी एक गोष्ट: नाही जमलं म्हणून मध्येच स्वतःहून सोडून येता येत नाही. अगदी अपवाद म्हणून सोडलं, तर सेवानिधीतला फक्त स्वतःचा हिस्सा व्याजासह मिळतो.

आता कोणत्या प्रकारात फॉर्म भरायचा ते पाहू. जीडीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. टेक्निकलला बारावी विज्ञान, फिजिक्स-केमिस्ट्री-गणित-इंग्रजीसह एकूण ५० आणि प्रत्येक विषयात ४०. दहावीनंतर ठरावीक ट्रेडमधला आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांनाही वाट आहे. क्लार्क-स्टोअरकीपरला बारावी कोणत्याही शाखेची, पण एकूण ६० आणि प्रत्येक विषयात ५०. इथं पुष्कळ मुलं फसतात. एकूण टक्केवारी ७२ असते आणि इंग्रजीत ४७, की फॉर्म बाद. गुणपत्रिका समोर ठेवून एकेक विषय तपासा. क्लार्कला टायपिंगची चाचणीही असते, तेव्हा की-बोर्डवर हात बसलेला हवा. ट्रेड्समनमध्ये आचारी, शिंपी, न्हावी, धोबी, मेसकीपर असे प्रकार येतात. काहींना दहावी, काहींना आठवी पुरते आणि कामाची प्रत्यक्ष चाचणी होते. मुलींसाठी मिलिटरी पोलिसातली जीडी आहे. उंची १६२ सेंटिमीटर, १६०० मीटरला साडेसात मिनिटं पहिला गट, आठ मिनिटं दुसरा. शिवाय दहा फूट लांब उडी आणि तीन फूट उंच उडी.

दोन प्रकारांना एकाच वेळी अर्ज करण्याची सोय २०२५ पासून झाली. बारावी झालेल्याने तिचा फायदा जरूर घ्यावा. निवड करताना मात्र एक फरक ध्यानात ठेवा. जीडीच्या मेरिटमध्ये लेखीचे आणि ग्राउंडचे गुण मिळून धरले जातात. क्लार्क आणि टेक्निकलला ग्राउंड फक्त पास व्हायचं असतं, मेरिट लेखीवर लागतं. म्हणजे अभ्यासात बरा आणि धावण्यात मध्यम असलेला मुलगा सगळे मित्र चाललेत म्हणून जीडीला फॉर्म भरतो, तेव्हा तो स्वतःची चांगली बाजू घरी ठेवून मैदानात उतरतो. पाचव्या वर्षाचा विचार केला तरी टेक्निकलवाल्याच्या हाताला बाहेर चालणारं काम लागलेलं असतं. जीडीतून पायदळात, तोफखान्यात की रणगाडा दलात जाणार, हे तुमच्या हातात फारसं नसतं. रिक्त जागा आणि रेजिमेंटची रचना यावर ते ठरतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाचं खडकीला. पण नंबर जबलपूरला किंवा सिकंदराबादलाही लागू शकतो. "मराठाच पाहिजे" अशी अट मनात धरून जाऊ नका.

उंचीचं काय? महाराष्ट्रातल्या मुलांना जीडीसाठी १६८ सेंटिमीटर, टेक्निकलसाठी १६७, क्लार्कसाठी १६२. छाती ७७ आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. उंची सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी वेगवेगळी भरते, जवळपास एक सेंटिमीटरचा फरक पडतो. तेव्हा संध्याकाळी, अनवाणी, भिंतीला टाच-पाठ-डोकं टेकवून मोजा आणि तोच आकडा खरा धरा. १६० उंचीचा मुलगा अनेकदा सैन्याचा नादच सोडून देतो. त्याने नौदल आणि वायुदल पाहावं. नौदलाला १५७ पुरते, वायुदलाला त्याहूनही कमी. धावण्याची वेळही सैल असते, १६०० मीटरला नौदलात साडेसहा मिनिटं आणि वायुदलात सात. तिथं कस लागतो तो लेखीत.

२०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी आणि मग ग्राउंड असा क्रम आहे. जीडीला एका तासात ५० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव हिस्सा वजा. पेपर २०२५ पासून मराठीतही मिळतो. फॉर्म भरताना भाषा नीट निवडा. अजूनही पुष्कळ अकॅडम्यांत सकाळ-संध्याकाळ ग्राउंड आणि दुपारी झोप, असंच वेळापत्रक असतं. ते उलट्या क्रमाच्या काळातलं आहे. लेखी निघाली नाही तर तुमचं ग्राउंड कुणी बघणारसुद्धा नाही. रोज किमान तीन तास गणित आणि सामान्य विज्ञान.

सोळाशेला साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर ६० गुण, ५:४५ पर्यंत ४८. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या म्हणजे प्रत्येक फेरी साधारण ८२ सेकंदांत. भरतीला पहिली फेरी सगळे ६८-७० सेकंदांत मारतात, कारण बॅच सुटताना धक्काबुक्की होते आणि मागे पडायची भीती वाटते. मग तिसऱ्या फेरीत पाय शिशाचे होतात. सरावात पहिली फेरी मुद्दाम ८० च्या खाली जाऊ देऊ नका. आठवड्यातून दोनदा पाच-सहा किलोमीटर सावकाश, दोनदा ४०० मीटरचे सहा रिपीट ८०-८२ सेकंदांत आणि मध्ये दोन मिनिटं विश्रांती, एक दिवस पूर्ण आराम. पूर्ण सोळाशेची वेळ पंधरा दिवसांतून एकदाच घ्या. रोज वेळ लावून पळणाऱ्याची नडगी महिन्याभरात दुखायला लागते. डांबरी रस्ता टाळा, मुरमाचा किंवा मातीचा रस्ता बघा.

धावून आल्यावर दम लागलेला असतानाच बीमवर जावं लागतं. दहा पुलअप्सना ४० गुण, सहाला १६. मोजणारा जवान दोन गोष्टी बघतो: खाली येताना कोपर पूर्ण सरळ होतंय का, आणि वर जाताना हनुवटी दांड्याच्या वर गेली का. पाय झटकून किंवा झोका घेऊन काढलेला पुलअप तो मोजत नाही. अकॅडमीत पंधरा काढणारा मुलगा भरतीत सातवर अडकतो तो यामुळेच. तीनच निघत असतील तर स्टुलावरून हनुवटी वर नेऊन पाच सेकंद घेत सावकाश खाली या. असे तीन-तीनचे पाच सेट, दिवसाआड. आणि निम्मा सराव धावून आल्याबरोबर करा. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडणं आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) यांत फक्त पास व्हायचं असतं. त्यांना आठवड्यातून एक दिवस पुरे. इंजेक्शन किंवा गोळी देऊन "टायमिंग काढून देतो" म्हणणाऱ्याच्या सावलीलाही उभं राहू नका. पकडले गेलात तर बाद, आणि नाही पकडले गेलात तरी शरीराची वाट.

मेडिकलला बाहेर पडणाऱ्यांचं दुःख सगळ्यात मोठं, कारण त्यातलं बरंचसं सहा महिने आधी कळलं असतं. ओला पाय कोरड्या फरशीवर ठेवून उचला. तळव्याचा पूर्ण ठसा उमटला, मध्ये कमान दिसली नाही, तर सपाट पायाची शंका घ्या. गुडघे जुळवून उभे राहा. घोट्यांमध्ये पाच सेंटिमीटरहून जास्त अंतर पडत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कानातला मळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून काढून घ्या, काडी घालू नका. पडदा फाटला तर सगळंच गेलं. रंगांधळेपणा तपासून घ्या, त्यावर इलाज नाही आणि कळलं तर दुसरी वाट वेळेवर धरता येते. हायड्रोसील, हर्निया, मूळव्याध, पायांवरच्या फुगलेल्या शिरा यांची लाज बाळगू नका. उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. शस्त्रक्रिया लागली तर जखम भरून यायला वेळ हवा. गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागे असेल तर चालतं. दंडावर, छातीवर, मानेवर काढून घेण्याचा मोह आवरा. मेडिकलला अनफिट ठरवलं तर जागेवरच रिव्ह्यूसाठी विचारा. लष्करी रुग्णालयात फेरतपासणी होते आणि तिची मुदत चिठ्ठीवर लिहिलेली असते. ती चिठ्ठी घेऊन आधी गावी जाऊ नका, सरळ रुग्णालय गाठा.

कागदपत्रांत आपल्याकडची नेहमीची अडचण नावाची. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. फॉर्म दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे अक्षर न् अक्षर भरा आणि आधार त्याप्रमाणे आधीच दुरुस्त करून घ्या. आईचं नाव आणि जन्मतारीखही तशीच पडताळा. अधिवास आणि जातीच्या दाखल्याला तहसीलमध्ये वेळ लागतो, म्हणून लेखीच्या निकालाची वाट बघत बसू नका. सरपंचाचा चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला, फोटो चिकटवून त्यावर शिक्का मारलेला हवा. प्रतिज्ञापत्र जाहिरातीत दिलेल्या नमुन्यातच करा. तीन महिन्यांच्या आत काढलेले, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, मोबाइलवर गोरे न केलेले वीस फोटो ठेवा. ग्राउंडनंतरच्या अनुकूलता चाचणीसाठी चार्ज केलेला स्मार्टफोन आणि पुरेसा डेटा लागतो. मूळ कागद एका फाइलमध्ये, झेरॉक्स दुसऱ्या फाइलमध्ये. मूळची फाइल रांगेतल्या मित्राकडे, अकॅडमीच्या सरांकडे किंवा गेटवर भेटलेल्या कुठल्याही ओळखीच्या माणसाकडे सांभाळायला देऊ नका.