पट २४चा, उपक्रम वर्षभराचे

नव्या नेमणुकीने किंवा बदलीने द्विशिक्षकी शाळेवर आलेले शिक्षक पहिल्या महिन्यात हमखास विचारतात, "बाई, एवढ्याशा पटावर उपक्रम करायचे तरी कसे?" माझ्या शाळेचा पट, म्हणजे एकूण मुलं, २४ आहे. पहिली ते चौथी, आम्ही दोघे शिक्षक, दोन खोल्या, एक व्हरांडा आणि समोर उताराचं मैदान. मुख्याध्यापकाचा कार्यभार माझ्याकडे. म्हणजे किर्द (रोजच्या जमा-खर्चाची वही), पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि समोर दोन वर्ग एकाच वेळी. तरीही उपक्रम होतात, आणि पट लहान आहे म्हणूनच बरे होतात. मोठ्या शाळेत नाचणारी बारा निवडली की बाकीची टाळ्या वाजवायला मोकळी. आपल्याकडे निवडायला मुलंच नाहीत, सगळ्यांना घ्यावंच लागतं. उपक्रम ठरवताना मी एवढंच बघते की यात २४च्या २४ बसतात का. बसत नसतील तर तो आपला नाही, आसपासच्या शाळांची मुख्य असलेल्या केंद्रशाळेला करू द्या.

कॅलेंडर गावाचं धरा

जयंत्या, पुण्यतिथ्या, दिन आणि पंधरवडे यांची यादी करायची गरज नाही, परिपत्रकं आपोआप येतात. यादी करायची ती गावाची. पेरणी कधी, कापूस वेचणी कधी, यात्रा कोणत्या आठवड्यात, आठवडी बाजार कोणत्या वारी. जूनमध्येच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे विचारून घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. त्या बायांना हे कॅलेंडर तोंडपाठ असतं. फक्त त्यांना बोलतं करावं लागतं, कारण बैठकीत बहुतेक वेळ अध्यक्षच बोलतात.

बीड, अहिल्यानगर, जालना भागातल्या ऊसतोडीच्या गावांत तर याला पर्यायच नाही. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. मागे राहिलेली मुलं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. सगळीकडे जानेवारीत असतं म्हणून आपणही गॅदरिंग जानेवारीत ठेवलं, तर अर्धी मुलं त्यात नसणार. माझं मत स्पष्ट आहे: अशा गावात गॅदरिंग सप्टेंबरमध्ये घ्या. पावसाची भीती असते, ते खरं. पण पाऊस आला तर मंडप व्हरांड्याला टेकवता येतो, कारखान्यावर गेलेलं मूल आणता येत नाही.

दुसरं बघायचं ते तासिकांचं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. सरावाच्या नावाखाली गणिताचा तास रोज गेला की पालक तोंडावर काही बोलत नाहीत, पुढच्या जूनमध्ये दाखला मागायला येतात. म्हणून सराव शनिवारच्या सकाळच्या शाळेत आणि एरवी शेवटच्या तासाला. आता शासनाने 'आनंददायी शनिवार' म्हणून तो दिवस उपक्रमांना दिलेलाच आहे, तो खराच वापरा.

सुरुवात परिपाठापासून

स्टेज, माइक, पाहुणे या सगळ्याचा सराव रोजच्या परिपाठात फुकट होतो. पण बहुतेक शाळांत तीच दोन हुशार मुलं रोज पुढे उभी असतात. शनिवारी पुढच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या वाटा. पहिलीतल्या मुलाला फक्त आजचा वार आणि तारीख, दुसरीला सुविचार, तिसरीला दोन प्रश्न, चौथीला पेपरमधली एक बातमी स्वतःच्या शब्दांत. वाचून दाखवायची नाही, सांगायची. प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका रोज वेगळ्या मुलाने.

बंजारा तांड्यावरची मुलं घरी त्यांची गोरमाटी बोली बोलतात. त्यांतलं एखादं मूल दिवाळीपर्यंत तोंड उघडत नाही, आणि वर्गात ते 'मंद' म्हणून खपून जातं. त्याला बोधकथा गोरमाटीत सांगू द्या. निम्म्या मुलांना कळते, ती हसतात, उरलेली "काय म्हणाला, काय म्हणाला" करत मागे लागतात, आणि मग तेच मूल मोडक्यातोडक्या मराठीत उलगडून सांगायला लागतं. भाषणस्पर्धेची याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

केंद्राच्या स्पर्धा

स्पर्धा केंद्रावरून बीटला (काही केंद्रांच्या गटाला), तिथून तालुक्याला, मग जिल्ह्याला जातात. परिपत्रकातली खेळांची यादी वाचून घाबरू नका. कागद घ्या आणि मुलं मोजा. कबड्डीला मैदानात सात लागतात, खोखोला नऊ, शिवाय राखीव. तिसरी-चौथीच्या मुली सहाच असतील तर खोखोचा संघ होतच नाही. पहिलीतली मुलगी भरीला घालून तिचा गुडघा फोडण्यात अर्थ नाही. १०० मीटर धावणे, लांब उडी, समूहगीत आणि लेझीम, एवढं आपल्याला पुरतं. खोखो शाळेतल्या शाळेत मुलं-मुली एकत्र करून खेळा, खांब नसले तर दोन मोठी मुलं उभी करून. खेळायचा तो खेळायचाच, फक्त स्पर्धेच्या अर्जात लिहायचा नाही.

लेझमीचं जरा सविस्तर सांगते, कारण लहान पटाला तिच्यासारखा आधार नाही. हातात लेझीम लगेच देऊ नका. पहिला आठवडा नुसतं पाऊल आणि टाळी: एक-दोन-तीन-चार, चौथ्याला वळायचं. ज्याचं पाऊल चुकतं त्याला शेवटी उभं करतात, तसं करू नका. त्याला मधे घ्या, दोन्ही बाजूंचे पाय दिसले की तो आपोआप लयीत येतो. दुसऱ्या आठवड्यात लेझीम. लाकडी दांडा आणि लोखंडी साखळीची लेझीम पहिलीच्या हाताला जड होते, दहा मिनिटांत हात खाली येतात. त्या पोरांना झांजा द्या, एकाला झेंडा द्या, दोघांना पुढे बसका मारायला सांगा. हलगीसाठी गावातल्याच वाजवणाऱ्या काकांना बोलवा. मोबाइलवरच्या ठेक्यावर मुलं नाचतात, पण हलगीवाला मुलांचा दम बघून लय कमी-जास्त करतो, ते मोबाइलला जमत नाही. त्यांचा मान म्हणून शाल-नारळ आणि जमेल ते मानधन द्या, आणि ते समितीच्या ठरावात घ्या.

साहित्याचा प्रश्न नेहमीचा. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेत प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे, आणि ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान १०,००० रुपये. पैसे एकदम येतील आणि वेळेवर येतील असं धरून चालू नका. आले की आधी दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, चांगले चेंडू आणि लेझमी घ्या. चकचकीत प्लास्टिकचा संच एका पावसाळ्यात कपाटात तडकतो. मैदान आखायला फक्की गावातच मिळते. नसेल तर चुलीची राख चालते, आमच्या स्वयंपाकी ताई साठवून ठेवतात.

स्पर्धेच्या दिवशीचं: पालकांचं संमतीपत्र आदल्या दिवशी हातात हवं, सही किंवा अंगठ्यासकट. मुलींसोबत शिक्षिका नसेल तर समितीतली एखादी आई बरोबर घ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मुलं बसवायची नाहीत, सरपंच स्वतः ट्रॅक्टर द्यायला तयार असले तरी. जीप ठरवा, दोन खेपा करा. त्या दिवशी शाळेत किती मुलं जेवतील ते स्वयंपाकी ताईंना सकाळीच सांगा आणि पोषण आहाराची नोंद त्याच आकड्याची भरा. हे विसरलं की दोन महिन्यांनी तांदळाचा हिशेब जुळवताना डोळ्यांत पाणी येतं. बरोबर पाणी, गूळ-शेंगदाणे, ओआरएस आणि पट्ट्या. बूट नसलेल्या मुलाला दुसऱ्याचे मोठे बूट घालायला लावू नका. ते अनवाणीच चांगलं पळतं.

बाल बाजार

खर्च सगळ्यांत कमी आणि शिकणं सगळ्यांत जास्त, असा उपक्रम विचाराल तर बाल बाजार. गावचा आठवडी बाजार असेल त्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या मैदानात भरवा. बाजाराच्याच दिवशी भरवला तर कोणी फिरकत नाही. पालकांना एकच अट सांगा: घरात किंवा शेतात आहे तेच आणायचं, विकत आणून विकायचं नाही. शेपू, मेथी, लिंबं, अंडी, बोरं, चिंचा, एखाद्याच्या आईने केलेले मुटके. भांडवल म्हणून प्रत्येकाला सुट्ट्या नाण्यांचे २० रुपये द्या आणि वहीत लिहा. शेवटी ते परत घ्यायचे.

मोठ्यांना मागे हटवणं हे आपलं त्या दिवसाचं मुख्य काम. आई शेजारी बसली की पोर गप्प होतं आणि आई विकते. फक्कीची एक रेघ मारा, पालक रेघेच्या बाहेर. मग बघा. तिसरीतली एक मुलगी शेपूची जुडी १० रुपयांना विकत होती. एका आजोबांनी तीन जुड्या घेतल्या आणि ५०ची नोट दिली. वजाबाकीत वर्गात अडखळणाऱ्या या पोरीने आधी तिसाचं चाळीस केलं, एक दहाचं नाणं आजोबांच्या हातावर ठेवलं, मग चाळिसाचं पन्नास, दुसरं ठेवलं. हातचा नाही, उसना नाही. सोमवारी मी फळ्यावर ५० वजा ३० तिच्याच रीतीने लिहिलं, आणि वर्गाला पुढे मोजत जाऊन वजाबाकी करायची पद्धत शिकवायला मला वेगळं काही करावं लागलं नाही.

काट्याचा तराजू आणि वजनं एखाद्या दुकानदाराकडून मागून आणा. डिजिटल काट्यावर आकडा नुसता दिसतो, साध्या तराजूवर पाव आणि अर्धा किलो हाताला कळतो. बाजार उठल्यावर प्रत्येकाने कागदावर लिहायचं: किती आणलं, किती विकलं, किती उरलं, हातात किती. उरलेली भाजी त्या दिवशीच्या आमटीत.

शाळेतल्या मुलांच्या मंत्रिमंडळाची निवडणूकही अशीच स्वस्त आहे, मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप मिळतं आणि मार्करने बोटाला शाई लावता येते. फक्त दर दोन महिन्यांनी मंत्री बदला. नाहीतर सरपंचाचा मुलगा वर्षभर मुख्यमंत्री आणि हातपंपाचं काम दुसऱ्याच्याच गळ्यात.

गॅदरिंग आणि पैसे

गाणी ठरवण्याआधी पेन ड्राइव्ह घेऊन येणाऱ्या दादांचा बंदोबस्त करा. गाणं शिक्षक ठरवणार, एवढं पहिल्या बैठकीतच ठरावात लिहून टाकलं की वाद होत नाही. फिल्मी दोन असू द्या, पोरांना हवीच असतात. बाकी ओव्या, भारूड, पोवाडा. ओव्या शिकवायला आजी येतात आणि त्यांना बोलवायला गेलं की त्या आधी लाजतात, मग उठत नाहीत. वीज कोणत्या वेळेला जाते ते वायरमनला विचारून ठेवा, जनरेटर साउंडवाल्याशी बोली करतानाच त्यात घ्या.

खरी परीक्षा बक्षिसांची. नाच सुरू झाला की लोक स्टेजपाशी येऊन ५०, १०० रुपये देतात आणि माइकवरून नाव घ्यायला लावतात. यातून वर्षभराचं साहित्य निघतं. पण एक नाव राहिलं की रुसवा वर्षभर चालतो. स्टेजखाली टेबल टाका, समितीचे दोन सदस्य बसवा, एकाने पैसे घ्यायचे, दुसऱ्याने वहीत लिहायचं, आणि निवेदकाला वहीतूनच चिठ्ठी जायची. शिक्षकाने नोटेला हात लावायचा नाही. नाच थांबवून नावं वाचू नका, दोन कार्यक्रमांच्या मधे वाचा. बक्षीस शाळेचं, त्या एका मुलाचं नाही, हे सुरुवातीलाच माइकवरून सांगा, कारण एखाद्याचे मामा पुण्याहून येऊन ५०० देतात आणि शेजारच्या पोराला दहाही मिळत नाहीत.

रात्रीच सगळ्यांसमोर पैसे मोजा, वहीवर अध्यक्षांची सही घ्या, दुसऱ्या दिवशी शाळेच्या खात्यात भरणा. मंडप, साउंड, जनरेटर, हलगी यांची बिलं आठ दिवसांत गोळा करून किर्दीला चढवा आणि जमा-खर्चाचा कागद शाळेच्या दारावर चिकटवा, आकडा लहान असला तरी. फोटो ग्रुपवर टाकायचे आणि ऑनलाइन माहितीची लिंक भरायची राहिली असेल तर केंद्रप्रमुख स्वतः आठवण करतील, त्याची काळजी नको.