पिकअपची ब्रेक डिस्क कशी तपासायची, सांभाळायची आणि वेळ आली की कशी बदलायची

मागच्या हिवाळ्यात कन्नडहून अद्रकच्या गोण्या भरून औट्रम घाट उतरत होतो चाळीसगावकडे, अर्ध्या घाटात ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली धडधडायला लागलं, बाजूला बसलेला चुलतभाऊ म्हणे, "भो, स्टेरिंग थरथर करी राहिनं, गाडी बाजूले लाव." दुसऱ्या गियरवर कसाबसा खाली आलो. आणि दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, तिला दोन्हीकडून पॅड चिमटले की गाडी थांबते) तर चारच महिन्यांपूर्वी नव्या टाकलेल्या होत्या. घरी येऊन चाक खोललं, डिस्क काढली तर मागे हबवर (डिस्क आणि चाक ज्याच्यावर बसतं तो भाग) जुन्या गंजाची खपली तशीच, बोटाच्या नखाएवढी. बसवणाऱ्याने हब न घासताच नवी डिस्क त्याच्यावर चढवलेली. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो, आणि तुम्ही गॅरेजला दिलं तरी शेजारी उभं राहून काय काय बघायचं ते कळावं म्हणून हे लिहितोय.

आधी खराबी ओळखायची कशी. ब्रेक लावल्यावरच स्टेरिंग थरथरत असेल, नुसतं चालवताना नाही, तर शंका पुढच्या डिस्कवर घ्या (आपल्याकडच्या बऱ्याचशा पिकअपला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात). चींईई असा बारीक आवाज आला तर पॅड संपत आलेत, आणि खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर पॅड संपूनच गेलेत आणि आता डिस्क खाल्ली जातेय, तिथून पुढे गाडी चालवू नका. पावसात रात्रभर उभी राहिली की डिस्कवर लालसर गंज येतो त्याला घाबरायचं कारण नाही, चार ब्रेक मारले की निघून जातो.

डिस्कवर कडेला नाहीतर मधल्या टोपीवर बारीक अक्षरात कमीत कमी जाडी कोरलेली असते, 'मिन टीएच' आणि पुढे आकडा. ती जाडी मायक्रोमीटरने मोजायची, ७-८ ठिकाणी. साधा व्हर्नियर लावला तर डिस्कच्या कडेला न घासलेला कंगोरा राहिलेला असतो त्याच्यावरच तो टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो, तिथेच बरेच जण फसतात. समजा २४ कोरलंय आणि तुमचं माप २४.२ आलं तर लेथवर फेस मारायच्या (वरचा थर घासून सपाट करायच्या) भानगडीत पडू नका, फेस मारला की ती २४ च्या खाली जाणार. पातळ डिस्क उष्णता पेलत नाही, घाटात लवकर तापते आणि तडकते. नखाला लागतील अशा खोल चरा, निळे डाग, कडेपर्यंत गेलेली चीर, यातलं काहीही दिसलं तर सरळ नवी. आणि नवी टाकायची तर दोन्ही बाजूंची, पॅडसकट. एकच बाजू बदलली तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढू शकते, आणि जुने पॅड जुन्या डिस्कच्या चरांप्रमाणे झिजलेले असतात, ते नव्या डिस्कवर नीट बसत नाहीत.

आता काम. काळ्या मातीच्या खळ्यात जॅक लावू नका, तो माती दाबत खाली बसतो आणि गाडी कलंडते, जागा पक्की फरशीची किंवा डांबराची घ्या, नाहीच मिळाली तर खाली जाड सागाची फळी टाका. हँडब्रेक ओढा, गियरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे, मग उचलायची आणि चेसीखाली स्टँड लावायचा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून हात आत घालू नका, हे मी हात जोडून सांगतो.

चाक निघालं की पूर्ण स्टेरिंग एका बाजूला फिरवून घ्या, हात जायला जागा होते. बॉनेट उघडून ब्रेक ऑईलच्या डबीचं झाकण काढा, काठोकाठ भरलेली असेल तर सिरिंजने थोडं ऑईल काढून ठेवा, कारण पुढे पिस्टन (पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या) मागे दाबला की ते वर येऊन सांडतं आणि पेंटवर पडलं तर पेंट उडतो. कॅलिपरचे (पिस्टन ज्यात असतो तो डिस्कला धरणारा जबडा) बोल्ट गोटी पान्याने काढा, कॅलिपर बाजूला घ्या आणि तारेने स्प्रिंगला किंवा चेसीला बांधून टांगा. पाईपवर लोंबकळत सोडलं तर पाईप आतून फाटतो, बाहेरून काहीच दिसत नाही. एबीएसवाली (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडी असेल तर सेन्सरची वायरही ताणली जात नाही ना बघा. पॅड काढा, मग पॅड धरणारा ब्रॅकेट काढा, त्याचे बोल्ट जाम असतात, टॉमीला पाईप लावावा लागतो. ब्रेकची धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवू नका, ती छातीत जाते, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा.

डिस्क हबला चिकटलेली असली तर आधी आट्यांची दोन भोकं दिसतात का बघा, त्यात बोल्ट घालून दोन्ही थोडे थोडे आवळत गेलं की डिस्क आपोआप सुटते. भोकं नसतील तर गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास चहा घेऊन या, मग मधल्या टोपीवर लाकडाचा गुटका ठेवून हातोडा. काही पिकअपला मात्र डिस्क हबच्या मागून बोल्टने धरलेली असते, तिथे बेअरिंगसकट हब उतरवावा लागतो आणि बेअरिंगचा ताण परत बरोबर लावावा लागतो. तसं दिसलं तर इथेच थांबा आणि जाणत्या मेकॅनिककडे द्या.

आता माझं दुखणं, म्हणजे हब. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हबचा सपाट भाग घासायचा, प्रत्येक स्टडच्या बुडाशी, मधल्या गोल उंचवट्याभोवती, बोट फिरवून खरखर लागायची थांबेपर्यंत सोडायचं नाही. केसाएवढी खपली राहिली तरी डिस्कच्या कडेला तो वाकडेपणा वाढतो. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, पण प्रत्येक फेऱ्याला डिस्क एकाच जागी पॅडला घासत राहते, तिथे पातळ होत जाते, आणि काही हजार किलोमीटरला थरथर सुरू. लोक म्हणतात डिस्क वाकली, खरं तर बहुतेक वेळा ती जाड-पातळ झालेली असते. डायल गेज (बारीक हेलकावा मोजायचं घड्याळासारखं यंत्र) मिळाला तर डिस्क दोन-तीन नटांनी आवळून फिरवून बघा, हेलकावा ०.१ मिलीमीटरच्या आतच हवा, ०.०५ च्या आत आला तर उत्तम.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुवा, आणि नंतर तेलकट हात लावू नका. डिझेल, रॉकेल अजिबात नको, थर मागे राहतो. कॅलिपरच्या सरकत्या पिन बाहेर काढून पुसा, ब्रेकसाठीचंच जास्त उष्णता सोसणारं ग्रीस लावा, रबर फाटलं असेल तर बदला. पिन जाम असेल तर एकच पॅड झिजतो आणि सगळी मेहनत वाया. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी क्लॅम्पने पिस्टन सावकाश मागे दाबा. बोल्ट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर (आवळायच्या जोरावर) आवळा, चाकाचे नट समोरासमोरचे घेत आवळा, एका ओळीत गोल गोल नाही.

गाडी हलवायच्या आधी पॅडल पंप करून कडक करा. हे विसरलात तर पहिला ब्रेक सरळ तळाला जाईल. ऑईलची पातळी बघा. पॅडल स्पंजसारखं मऊ लागलं तर पाईपमधली एअर काढावी लागेल. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग घाटात उकळतं, नवं डॉट ३ (ब्रेक ऑईलचा एक प्रकार) साधारण २०५ डिग्रीला उकळतं, पाणी ओढलेलं १४० च्या आसपासच, त्यामुळे दोन वर्षांनी बदलाच.

नंतर रिकाम्या रस्त्यावर ५० च्या स्पीडवरून १५ पर्यंत हळू ब्रेक लावा, असं १०-१२ वेळा, मध्ये अर्धा-एक किलोमीटर थंड व्हायला द्या, आणि तापलेल्या डिस्कवर पॅडल दाबून उभे राहू नका. पहिले २०० किलोमीटर मोठा लोड आणि घाट टाळा.

रोजच्या सवयीत दोनच गोष्टी सांभाळा. घाट उतरताना खालचा गियर, ब्रेक सतत दाबून नाही. आणि मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वरही जातो, घाटातून आलेली गाडी तशीच वॉशिंगला लावून चाकांवर पाण्याचा झोत मारला तर डिस्क तडकू शकते, अर्धा-पाऊण तास सावलीत उभी राहू द्या. डिस्क बदलल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर चाकाचे नट परत तपासा, आणि सपाट रस्त्यावर कमी ब्रेक मारत आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न टेकवता धरून बघा, एक चाक जास्त तापलेलं वाटलं तर त्या बाजूचं कॅलिपर धरतंय, ते परत खोला.