चीनवरचे असमान तह: अभ्यासाला कुठून आणि कसं लागायचं

एम.ए.ला आधुनिक चीनचा पेपर घेतलेल्यांना किंवा नेट-सेटसाठी हा भाग करणाऱ्यांना पहिल्या अफूयुद्धानंतर ब्रिटनने चीनशी केलेला नानकिंगचा तह (१८४२) लवकर पाठ होतो. पाच बंदरं, हाँगकाँग, २ कोटी १० लाख डॉलर. पण 'हा तह असमान का?' असं विचारलं की 'युद्ध हरल्यावर लादला म्हणून' एवढंच उत्तर येतं. ते अपुरं आहे. १८७१ साली फ्रान्सही हरला, त्याने प्रदेश दिला आणि पाच अब्ज फ्रँक भरले, तरी फ्रँकफर्टच्या तहाला कुणी असमान म्हणत नाही. त्या तहाच्या ११व्या कलमात फ्रान्स आणि जर्मनीने व्यापारात एकमेकांना सर्वाधिक पसंतीच्या देशाचा दर्जा दिला होता, म्हणजे तिसऱ्या देशाला दिलेली सवलत आपोआप मिळण्याचा हक्क. चीनकडून हाच दर्जा घेतला गेला, पण बदल्यात दिला गेला नाही. म्हणून कलम वाचताना दोन प्रश्न विचारायचे: असाच हक्क चीनला समोरच्या देशात मिळाला का? आणि हे कलम संपणार कधी?

वहीत चार रकाने आखा: कलम, हक्क कुणाला, चीनला बदल्यात काय, मुदत किंवा दुरुस्तीची अट. पहिले दोन भराभर भरतात. तिसरा बहुतेक ठिकाणी रिकामा राहतो, आणि तो रिकामा दिसणं हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

सुरुवातीला सात दस्तऐवज पुरेत: नानकिंग (२९ ऑगस्ट १८४२), हूमेनचा पुरवणी तह (८ ऑक्टोबर १८४३), अमेरिकेशी वांगश्याचा तह (३ जुलै १८४४), जून १८५८ चा तिएनत्सिनचा ब्रिटिश तह आणि त्याला जोडलेला नोव्हेंबर १८५८ चा शांघायचा जकात करार, ऑक्टोबर १८६० चे पेकिंगचे करार, शिमोनोसेकी (१७ एप्रिल १८९५) आणि बॉक्सर उठावानंतर परकीय सत्तांनी चीनशी केलेला ७ सप्टेंबर १९०१ चा बॉक्सर करार. शिमोनोसेकी जपानशी झाला असला तरी तो वगळू नका. त्यातल्या ६व्या कलमाने जपान्यांना तहाच्या बंदरांत कारखाने काढता आले, आणि पसंतीच्या देशाच्या कलमामुळे तोच हक्क पाश्चात्त्य देशांनाही आपोआप मिळाला.

नानकिंगवर पूर्ण एक आठवडा द्या. तह १३ कलमांचाच आहे, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पैशांचा हिशेब कलमवार लावा: ४थ्या कलमात जप्त अफूबद्दल ६० लाख, ५व्यात कोहाँग व्यापाऱ्यांच्या (कॅन्टन बंदरात परदेशी व्यापाराचा मक्ता असलेल्या चिनी व्यापाऱ्यांच्या) थकलेल्या कर्जापोटी ३० लाख, ६व्यात युद्धखर्च १ कोटी २० लाख. ७वं कलम हप्ते सांगतं: लगेच ६० लाख, १८४३ मध्ये ६० लाख, १८४४ मध्ये ५० लाख, १८४५ मध्ये ४० लाख, आणि थकल्यास ५ टक्के व्याज. १२व्या कलमाने पैसे फिटेपर्यंत चूशान आणि गुलांग्यू ही बेटं ब्रिटिश फौजेकडे तारण राहिली. ही कलमं बोचरी खरी, पण पैसे फिटले की संपणारी.

आता या तहात काय नाही ते पाहा. ब्रिटिश माणसाने चीनमध्ये गुन्हा केला तर खटला ब्रिटिश अधिकाऱ्यापुढे चालेल, असं नानकिंगमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. ते आलं जुलै १८४३ च्या व्यापार नियमांत, १३व्या नियमात. ५ टक्के जकातीचा आकडाही तहात नाही. १०व्या कलमात फक्त 'रास्त आणि नियमित' जकात ठरवू असं म्हटलं आहे, दर १८४३ मध्ये ठरले. पसंतीच्या देशाचं कलम हूमेनच्या तहातलं आठवं. अफूच्या व्यापाराला परवानगी नानकिंगने दिली, हेही चूक. अफू कायदेशीर झाली ती १८५८ च्या शांघाय करारात, पिकुलमागे (सुमारे ६० किलोमागे) ३० तैल (चांदीचं माप) जकात लावून. या चारही गोष्टी नानकिंगच्या माथी मारलेली उत्तरं वर्षानुवर्षं लिहिली जात आहेत.

आमच्या मते चीनचे हात खरे बांधले ते या मागाहून आलेल्या कलमांनी, कारण त्यांना मुदतच नव्हती. जकातीचंच पाहा. दर मालाच्या किमतीच्या टक्केवारीत नव्हे, वजनावर ठरलेले होते. चहाच्या निर्यातीवर पिकुलमागे अडीच तैल. किमती वाढल्या की तीच जकात टक्केवारीत घसरायची, आणि दर बदलायचा तर समोरच्या देशांची संमती हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयातीवरची प्रत्यक्ष जकात ५ टक्क्यांच्याही खाली आली होती.

पसंतीच्या देशाचं कलम कसं काम करायचं हे एका उदाहरणात पक्कं करा. वांगश्याच्या तहात ३४वं कलम होतं: १२ वर्षांनी दुरुस्तीची बोलणी करता येतील. नानकिंगमध्ये अशी सोय नव्हती. ब्रिटनने म्हटलं, अमेरिकेला मिळालं ते आम्हालाही मिळालं, आमचा तह १८४२ चा, म्हणजे १८५४ मध्ये दुरुस्ती करा. अमेरिकेची स्वतःची मुदत १८५६ मध्ये भरत होती. दुसऱ्याच्या तहातलं कलम आपल्या तारखेला जोडून मागणं, ही युक्ती समजली की दुसऱ्या अफूयुद्धाची (१८५६-६०) पार्श्वभूमी 'ॲरो' जहाजाच्या घटनेपुरती (१८५६ मध्ये चिनी अधिकाऱ्यांनी त्यावरचे खलाशी पकडले, ते युद्धाचं निमित्त ठरलं) उरत नाही.

उलट दिशेने काय झालं तेही नोंदवा. तिएनत्सिनच्या ब्रिटिश तहाचं २७वं कलम कागदावर दुतर्फी होतं: दहा वर्षांनी कुणीही जकात आणि व्यापाराच्या कलमांत दुरुस्ती मागावी. त्यातून चीनमधले ब्रिटिश राजदूत रदरफर्ड अल्कॉक यांनी १८६९ मध्ये चीनशी करार केला. ब्रिटिश व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि १८७० मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला मान्यता नाकारली. चौथ्या रकान्यात 'दुरुस्तीची अट आहे' एवढं लिहून थांबलात, तर हे हातातून निसटेल.

चिनी येत नसली तरी दोन भाषांतल्या मजकुरातले फरक ठाऊक हवेत. नानकिंगच्या दुसऱ्या कलमात इंग्रजी मजकूर ब्रिटिश प्रजेला पाच ठिकाणच्या 'शहरांत आणि गावांत' राहू देतो. चिनी मजकुरात व्यापारी बंदरात राहतील आणि शहरात राहतील ते वकिलातीचे अधिकारी. कॅन्टनच्या तटबंदीच्या आत शिरण्यावरून पुढे वर्षानुवर्षं चाललेला वाद इथला. १८६० च्या फ्रेंच कराराच्या चिनी मजकुरात मिशनऱ्यांना प्रांतोप्रांती जमीन भाड्याने किंवा विकत घेण्याचा हक्क आहे. फ्रेंच मजकुरात ते वाक्यच नाही. मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर खरा धरावा, असं तिएनत्सिनचं ५०वं कलम सांगतं. चीनच्या सागरी जकात खात्याने छापलेल्या तहसंग्रहात दोन्ही मजकूर शेजारी शेजारी आहेत. चिनी वाचणारा कुणी भेटला तर पहिली ही कलमं त्याच्यासमोर ठेवा.

मापांत घोटाळा हमखास होतो. डॉलर म्हणजे इथे चांदीचं नाणं, अमेरिकेचं चलन नव्हे. तैल हे मुळात वजन आहे आणि ते ठिकाणानुसार बदलतं: शिमोनोसेकीचे २० कोटी कूपिंग तैल (प्रत्येकी सुमारे ३७.३ ग्रॅम, म्हणजे साधारण ७,४६० टन चांदी), तर १९०१ चे ४५ कोटी हायक्वान तैल, किंचित जड. या ४५ कोटींवर ४ टक्के व्याज आणि ३९ वर्षांची मुदत, म्हणून एकूण बोजा सुमारे ९८ कोटींचा. त्यात रक्कम सोन्याच्या चलनांशी ठरावीक दराने बांधलेली होती, त्यामुळे चांदी उतरली की चीनचं नुकसान.

नावांसाठी वेगळं पान ठेवा: अमॉय म्हणजे शियामेन, फूचौ म्हणजे फुझोऊ, तिएनत्सिन म्हणजे तियानजिन. 'असमान तह' हा शब्दप्रयोग १९२०च्या दशकात चिनी राष्ट्रवाद्यांनी रूढ केला. १८४२ च्या दरबाराच्या तोंडी तो घालू नका. वसईच्या तहाशी (१८०२) तुलना करण्याचा मोह मराठी विद्यार्थ्यांना होतोच. तुलना करा, पण फरकही लिहा: पेशव्यांनी एकाच सत्तेची तैनाती फौज पदरात घेतली, चीनमध्ये एकाला दिलेलं सगळ्यांना मिळत गेलं.

मुंबईत राहून प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर माळव्याच्या अफूकडे वळा. ही अफू मुंबईतून चीनला जायची आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे व्यापारी त्यात होते. मुंबई इलाख्याची कागदपत्रं एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात आहेत. आधी १८३९ ते १८४३ एवढीच वर्षं घ्या, नाहीतर कागदांच्या ढिगाऱ्यात महिने जातील. आणि एक नोंद पहिल्याच पानावर करून ठेवा: नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या त्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर, आणि ती १८१३ साली मुंबईच्या गोदीत, वाडियांच्या हाताखाली, सागवानात बांधली होती.