लोकल, मेट्रो की मधलंच काहीतरी? डबा नाही, रूळ बघून ओळखा

गणपतीत पडवीत पत्ते कुटताना आमच्याकडे एखादा वाद ठरलेलाच, यंदा विषय होता उरणची गाडी लोकल की मेट्रो. मुंबईहून आलेला भाचा म्हणे स्टेशनं एवढी चकाचक म्हणजे मेट्रोच, आणि अण्णाकाका म्हणे बेलापूरहून सुटते ती लोकल, संपला विषय. दोघांचीही रीत चुकलेली, म्हणून हे लिहितोय.

आधी एक डोक्यातून काढा. एसी, आपोआप लागणारे दरवाजे, पुलावरून धावणं यावरून काही ठरत नाही. एसी लोकल डिसेंबर २०१७ पासून धावतेय, ती मेट्रो झाली का? रुळांच्या रुंदीचंही तेच, मुंबईत मेट्रोची १४३५ मिमी आणि लोकलची १६७६ हे खरं, पण कोलकात्याची १९८४ ची मेट्रो ब्रॉडगेजवरच, म्हणजे १६७६ वरच धावते, आणि गंमत म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट या शहरी रेल्वेचे रूळही आपल्याच मापाचे, १६७६.

मग बघायचं काय, तर त्याच रुळावर अजून कोण धावतं. चिपळूणहून दिवा पॅसेंजरने कधी निघाला असाल तर हे शिकवायची गरज नाही. गाडी मध्येच क्रॉसिंगला साइडला लागते, माणसं खाली उतरून पाय मोकळे करतात, आणि बऱ्याच वेळाने समोरून रो-रो जाते, वॅगनवर ट्रकांची रांग, ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर पाय पसरून निवांत. ही काही शहरी रेल्वे नव्हे, पण मुद्दा तोच. मालगाडी, मेल-एक्सप्रेस सगळ्यांना सांभाळून ज्या गाडीला वाट काढावी लागते ती उपनगरी बाजूची. मेट्रोच्या रुळावर मेट्रोशिवाय कोणी येत नाही, म्हणून तर ती दर चार-पाच मिनिटांनी सोडता येते.

दुसरं, घरातून निघताना वेळापत्रक बघता का? नुसतं स्टेशनवर जाऊन उभं राहिलं की गाडी मिळते ती मेट्रोची सवय, ८:१४ चुकली म्हणून चडफडता ती लोकलची.

तिसरं अंतर. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो ११.४ किमी आणि स्टेशनं १२, म्हणजे साधारण किलोमीटरला एक. उपनगरी गाडी लांबून माणसं आणते, त्यामुळे स्टेशनं विरळ.

आता खरी मजा मधल्या प्रकारात आहे. आपली लोकलच घ्या, कागदोपत्री रेल्वे, पण चर्चगेट-विरार पट्ट्यात फेऱ्या इतक्या की ती मेट्रोचंच काम करते, आणि विरारच्या पुढे डहाणूकडे गेलात की तीच गाडी एक्सप्रेस आणि मालगाड्यांच्या मधे बसवावी लागते, फेऱ्या मोजक्या. म्हणजे एकाच मार्गाला दोन उत्तरं! पनवेलच्या पुलावर उभं राहून बघा, एका बाजूला मुंबईच्या हार्बर लाइनच्या लोकल, दुसऱ्या बाजूला आपल्या कोकणच्या गाड्या. पनवेल ते मानखुर्द हार्बरच्या रुळावर मेल गाडी येत नाही, त्यामुळे माझ्या मते हार्बर मेट्रोच्या जास्त जवळची (सेंट्रलवाले भांडतील, भांडू देत).

पॅरिसच्या आरईआर या उपनगरी रेल्वेने हेच ठरवून केलं, उपनगरातली जुनी रेल्वे शहराखालच्या बोगद्यातून जोडली, १९७७ ला मधला सांधा पूर्ण झाला. टोकियोत तर भुयारी मेट्रोची गाडी पुढे खासगी रेल्वेच्या रुळावरून थेट उपनगरात जाते. दिल्ली-मेरठची नमो भारत ही वेगवान गाडी उलट्या बाजूने आलीय, रूळ मेट्रोसारखे स्वतःचे, पण अंतर ८२ किमी आणि वेग ताशी १६० किमीपर्यंत. त्यामुळे अशा मधल्या प्रकाराला हायब्रिड म्हणताना कशात काय मिसळलंय तेही सांगा, नुसता शब्द टाकून पळू नका.

बरं, उरण. २०१८ ला खारकोपरपर्यंत आणि जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत गाडी गेली. तिकीट रेल्वेचं, आणि वेळ बघितल्याशिवाय स्टेशनवर गेलात तर बाकड्यावर बसून शेंगदाणे खायचे. लोकल! अण्णाकाका जिंकले, पण कारण चुकीचं होतं, आणि ते त्यांना सांगायचं काम मी भाच्यावर टाकलंय.