स्पोर्टी गाडीचं व्हील अलायमेंट: या चुका टाळा

पोलो, स्विफ्ट किंवा आय-२० घेतली, रुंद टायर टाकले, स्प्रिंग बदलून गाडी थोडी खाली बसवली, की जळगाव-धुळ्याच्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, कॅम्बर किती ठेवू?" कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक किती कललंय ते (वरचं टोक आत झुकलं की उणे), आणि टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची पुढची टोकं किती आत किंवा बाहेर आहेत ते. आधी टो विचारा. रोजच्या गाडीत टायर खाणारा खरा तोच. कॅम्बर उणे एक अंशाच्या आसपास आणि टो शून्याजवळ असेल, तर टायर बऱ्यापैकी सारखे झिजतात. टो बिघडला तर चाक पुढे जाताना सतत थोडं आडवं घासत राहतं. गाडी खाली बसवली की कॅम्बरबरोबर टोही हलतो, त्यामुळे स्प्रिंग बदलल्यावर अलायमेंट पुन्हा करायलाच हवं.

ट्रॅकचे आकडे रोजच्या गाडीत घालणं

ट्रॅकवर पुढच्या चाकांना थोडा टो-आउट देतात, म्हणजे चाकांची पुढची टोकं किंचित बाहेर. गाडी वळणात पटकन शिरते, हे खरं. पण खान्देशात आपण काळ्या मातीवर राहतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचा रस्ता जागोजागी वरखाली होतो. त्यात लोडच्या ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. अशा रस्त्यावर टो-आउटची गाडी नव्वद-शंभरच्या वेगात प्रत्येक चाकोरीमागे जाते आणि स्टीअरिंग सावरून हात दुखतात.

माझ्या मते पुढे एकूण टो शून्य ते एक मिलिमीटर इन आणि कॅम्बर उणे १ ते उणे १.५ अंश एवढंच ठेवा. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना गाडी नीट वळते आणि महामार्गावर सरळही चालते. मागच्या चाकांना टो-आउट कधीच नको. घाट उतरताना वळणात अचानक ब्रेक लागला, तर गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाऊ शकते.

एककात घोटाळा करू नका. १६ इंची रिमवर एक मिलिमीटर म्हणजे साधारण साडेआठ मिनिटं, आणि एका अंशाची मिनिटं साठ. म्हणजे ०.२० अंश आणि २० मिनिटं एक नाहीत: पहिलं १२ मिनिटं, दुसरं ०.३३ अंश. मशीन कोणत्या एककावर आहे, ते विचारूनच आकडा सांगा.

स्क्रीन हिरवी दिसली की निघून जाणं

अलायमेंट मशीनच्या स्क्रीनवर हिरवा रंग म्हणजे आकडा कंपनीच्या मर्यादेत आहे, एवढंच. ती मर्यादा बरीच रुंद असते. डावा कॅम्बर उणे १० मिनिटं आणि उजवा उणे एक अंश, तरी दोन्ही हिरवे दिसू शकतात. अशी गाडी डावीकडे ओढते, कारण ओढ कमी उणे कॅम्बरच्या बाजूला असते. दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक राहू देऊ नका आणि आधीची-नंतरची प्रिंट मागून घ्या. मशीनमध्ये मॉडेल तुमचंच निवडलंय ना, तेही बघा.

या गाड्यांमध्ये पुढचा कॅम्बर बहुधा मुळातून सेट होत नाही, त्यासाठी कॅम्बर बोल्ट लागतात. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी पोलादी तुळई) असेल तर शिमशिवाय, म्हणजे मध्ये घालायच्या पातळ चकत्यांशिवाय, काही हलत नाही. तरीही मागची रीडिंग घ्यायला लावा. मागची चाकं तिरकी असतील आणि पुढचं सेटिंग त्यांच्या हिशोबाने केलं नसेल, तर सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग वाकडं राहतं.

ढिल्या सांध्यांवर अलायमेंट

चाक जॅकवर उचला, डावी-उजवीकडून धरून हलवा. खटखट आली तर टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्याचा चाकाजवळचा सांधा) बघा. वर-खाली हलवल्यावर आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. लोअर आर्मचा (चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) रबरी बुश फाटला असेल तर आधी तो बदला, नाहीतर सेट केलेले आकडे पहिल्याच खड्ड्यात हलतील.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा भरदुपारी तापलेल्या टायरवर घेतलेलं माप फसवं असतं.

प्रत्येक दोष अलायमेंटवर ढकलणं

ऐंशी-शंभरच्या वेगात स्टीअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग करा. रस्ता डावीकडे उतरता असतो, त्यामुळे गाडी हलकीशी डावीकडे जाणं साहजिक आहे. जास्त ओढत असेल तर पुढचे टायर डावे-उजवे बदलून बघा (एकाच दिशेने फिरणारे नसतील तरच). ओढ बाजू बदलली, तर दोष टायरचा.

टायरवरून तळहात आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत लागलं आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं बोचलं, तर टो बिघडलाय. फक्त आतली कड गुळगुळीत झिजली असेल तर कॅम्बर जास्त आहे, आणि खाली बसवलेल्या गाडीत त्यासोबत टो-आउटही सापडतो. अलायमेंट झाल्यावर ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टीअरिंग किती वळलंय ते मोजणारा स्टीअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणायला सांगा आणि कारागिराला शेजारी बसवून गाडी महामार्गावर फिरवून आणा.